अकरा महिन्यांचे छप्पर

जून महिना उजाडला, निकाल लागले, की पुण्याच्या पेठांमधून दरवर्षी एक दृश्य दिसते. पाठीला बॅग लावलेला मुलगा किंवा मुलगी, सोबत गावाकडून आलेले वडीलधारे माणूस, आणि दोघांच्याही माना वर. वाड्यांच्या दिंड्या, विजेचे खांब, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचा, जिथे म्हणून चिठ्ठी चिकटू शकते तिथे ती चिकटलेली असते आणि ही माणसे ती वाचत असतात. ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’, ‘फक्त मुलींसाठी’, ‘फक्त शाकाहारी’, ‘एजंट क्षमस्व’. प्रवेशाच्या टक्केवारीवर आपल्या घराघरांतून महिनोन् महिने काथ्याकूट होतो. कुठली शाखा, कुठले कॉलेज, कुठला क्लास, काही विचारू नका! पण मूल राहणार कुठे, हा प्रश्न मात्र एका दुपारीत निकालात निघतो. कारण संध्याकाळची एस. टी. पकडायची असते.

त्या एका दुपारी ठरलेल्या खोलीत मुलाची पुढची तीन-चार वर्षे जातात. तो कसा झोपतो, काय खातो, किती वाचतो, आजारी पडला तर कुठे पडून राहतो, हे सगळे ती खोली ठरवते. म्हणजे शिक्षणाचा निम्मा भार छपरावर असतो. आणि नेमका हाच निम्मा भार आपण कुणाच्याच खाती मांडलेला नाही. सरकार म्हणते कॉलेजने बघावे, कॉलेज म्हणते पालकांनी बघावे, पालक म्हणतात ‘तू मोठा झालास, बघ बाबा तुझं तू.’ उरतो तो घरमालक आणि त्याच्यासमोर उभे असलेले अठरा वर्षांचे पोर.

मी स्वतः १९८९ साली माण तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्यात शिकायला आलो. होस्टेलच्या यादीत नाव लागले नाही, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर जागा धरली. दहा बाय बाराची खोली, चार लोखंडी कॉट, चार ट्रंका. माणशी दीडशे रुपये भाडे आणि पाचशे रुपये अनामत. पावती वगैरे भानगड नव्हती. ‘आमच्याकडे शब्दावर व्यवहार चालतो,’ असे मालक म्हणाले आणि वडिलांना ते फारच आवडले. शब्द कुणाचा चालतो, हे पुढे कळायचे होते.

खोलीत चाळीस वॅटचा एक दिवा होता. भिंतीतला प्लग मालकांनी मुद्दाम काढून टाकला होता; मुलांनी चोरून शेगडी लावू नये म्हणून. रात्री साडेदहाला खालून मेन स्विच बंद होई. आंघोळीला माणशी एक बादली, तीही सकाळी साडेसहाच्या आत. संडास तळमजल्यावर, सात बिऱ्हाडांत मिळून दोन. पावसाळ्यात कौले अशी गळत, की आमच्या कॉटना पाय फुटत. रात्रीतून दोन-तीनदा त्यांची जागा बदलावी लागे. आणि ढेकूण! महिन्यातून एका रविवारी चारही कॉट गच्चीवर नेऊन त्यांच्या सांध्यांत रॉकेल सोडायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता. त्याच दिवशी संध्याकाळी मेसला सुट्टी असे, त्यामुळे रॉकेलच्या वासात केळी-बिस्किटांवर भागवायचे. त्या दिवसांच्या आठवणी आम्ही मित्र आता हसत सांगतो. पण चौघांपैकी एकाला त्या खोलीच्या ओलीने दम्याचा त्रास जडला, तो अजून आहे. त्याला हसू येत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही चौघे मिळून मालकांकडे गेलो. अतिशय नम्रपणे म्हणालो, ‘काका, तेवढी कौलं चाळून घेता का? पुस्तकं भिजतात.’ काकांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले आणि म्हणाले, ‘गळत असेल तर जागा सोडा. खाली रांग लागलीय.’ एवढेच. ना आवाज चढला, ना शिवी. मी पुढे अर्थशास्त्र घेतले, पण मागणी-पुरवठ्याचा इतका स्वच्छ धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, आठ दिवसांची मुदत देऊन त्यांनी माणशी पन्नास रुपये वाढवले. परीक्षेच्या तोंडावर कोण जागा शोधत फिरणार? हे त्यांना माहीत होते आणि आम्हालाही.

त्या वर्षांतली दुसरी एक गोष्ट मात्र ओलीहून जास्त लक्षात राहिली. माझ्या वर्गातला परभणीकडचा एक मित्र खोली शोधत होता. मी त्याच्याबरोबर फिरत होतो. चिठ्ठी बघायची, जिना चढायचा, कडी वाजवायची. जागा दाखवली जाई, भाडे सांगितले जाई, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारले जाई, ‘आडनाव काय म्हणालात?’ आडनाव ऐकले, की घरातल्यांना एकदम आठवे, की कालच कुणीतरी जागा बघून गेले आहे. किंवा कुणी भाचा यायचा आहे. एका आठवड्यात असे पाच भाचे आमच्या वाट्याला आले! मित्र शेवटी शहराबाहेर, नातेवाइकांच्या वस्तीत राहिला आणि तीन वर्षे रोज दोन बस बदलून कॉलेजला आला. त्याने या प्रकाराबद्दल कधी एक शब्द काढला नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातल्या उच्च शिक्षणानंतर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी उतारगृहात ते राहिले आणि जात कळताच त्यांना तिथून हुसकावून लावण्यात आले. ही हकीकत मी पुढे त्यांच्या आत्मकथनपर लेखनात वाचली, तेव्हा मला बडोद्याआधी पेठेतले ते जिने आठवले.

मालकांची बाजू

आता न्यायाने बोलायचे, तर घरमालकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकल्याशिवाय हा गुंता कळत नाही. आमचे काका निवृत्त कारकून होते. वाडा वडिलोपार्जित. खाली राहणारी सात बिऱ्हाडे जुन्या भाडेकरूंची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली होती. युद्धानंतरच्या महागाईत गरिबाचे छप्पर जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडी तिथेच थिजली. सात बिऱ्हाडांच्या भाड्यातून वाड्याची कौलेसुद्धा चाळून होत नसत. मग मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही, आणि वाडे उभ्या उभ्या कुजत गेले.

त्यात १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहत होते, त्यांना भाडेकरू मानून संरक्षण मिळाले. तेव्हापासून घरमालकांच्या मनात जी धास्ती बसली, ती बसलीच. ठेवलेला माणूस उठेल का? कुटुंब ठेवावे तर ते मूळ धरणार. मग ठेवायचे कोणाला? ज्याला मूळ धरताच येत नाही अशाला. म्हणजे विद्यार्थ्याला! तो आज ना उद्या जाणार, त्याला रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही, आणि भांडायला वेळ नाही. सात बिऱ्हाडे वर्षभरात जे देत नसत, ते आम्ही चौघे दोन महिन्यांत देत होतो. काकूंचे औषधपाणी आमच्या दीडशे-दीडशे रुपयांवर चालत असे, हे मला नंतर कळले. एका दुबळ्याच्या डोक्यावर दुसऱ्या दुबळ्याचे छप्पर, असा तो प्रकार होता.

पण ही बाजू कालची झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकांची मुख्य धास्ती त्याने दूर केली. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की ती परत मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय झाली. मुदतीनंतरही जो जागा अडवून बसेल, त्याला ठरल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. घरमालकाला एवढे दिले, तसे राहणाऱ्यालाही काही दिले. कलम ५५ सांगते, की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही, तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. शिवाय तसा लेखी करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरायचे; ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर.

वाचकहो, हे कलम पुन्हा एकदा वाचा. ‘आमच्याकडे शब्दावर व्यवहार चालतो’ असे म्हणणारा मालक मुळात कायद्याच्या कात्रीत उभा असतो. फक्त ते विद्यार्थ्याला माहीत नसते. अकरा महिन्यांच्या कराराचेही तसेच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्ष आणि त्याहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणे सक्तीचे, म्हणून नोंदणी चुकवायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात नव्या कायद्याने ती पळवाट बुजवली, तरी अकरा हा आकडा काही सुटला नाही!

भाचीची खोली

हे सगळे मला उगाळायचे कारण माझी भाची. लातूरहून ती २०२२ साली पुण्यात आली. आता वाडे जाऊन इमारती आल्या, कॉटचे ‘पीजी’ झाले. कर्वेनगरमधल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आठ मुली. माणशी साडेसहा हजार भाडे, तेरा हजार अनामत. हिशेब करून पाहा, महिन्याला बावन्न हजार झाले. त्याच इमारतीत, तसाच फ्लॅट एका कुटुंबाने चोवीस हजारांना घेतला होता. म्हणजे आठ मुलींना एका कुटुंबाच्या दुपटीहून अधिक पैसे मोजून कुटुंबाच्या निम्म्याहून कमी सोयी. मालकीणबाई परगावी, कारभार बघायला एक व्यवस्थापक. करार मागितला, तर म्हणे, ‘सगळ्या मुली अशाच राहतात, तुम्हालाच कागद कशाला लागतो?’

न्हाणीघराची ओल छतावरून सरकत सरकत कॉटपर्यंत आली. फोन केले, निरोप धाडले. ‘पाठवतो माणूस,’ हे उत्तर ठरलेले. एका दुपारी छताचा पोपडा कॉटवर कोसळला. ती मुलगी तेव्हा कॉलेजात होती म्हणून निभावले. पण मुलींना खरा जाच झाला तो वेगळाच. व्यवस्थापकाकडे दुसरी किल्ली होती आणि तो वेळी-अवेळी दार उघडून आत येई. मुलींनी आतून कडी लावायला सुरुवात केली, तेव्हा त्याने सुतार आणून कडीच काढून टाकली. ‘आत काय चालतं ते आम्हाला कळायला हवं. तुमच्या आईवडिलांना आम्हीच जबाबदार ना?’ असे वर स्पष्टीकरण. जबाबदारीचा हा अर्थ ऐकून माझी बहीण रात्रभर झोपली नाही. तरी मेहुण्यांचे म्हणणे एकच, ‘शिकायला पाठवलंय, भांडायला नाही. सोड ती अनामत आणि दुसरीकडे जा.’

बापाच्या काळजीतून आलेले हे वाक्य. घरोघरचे पालक हेच म्हणतात. पण भाची मला फोनवर म्हणाली, ‘मामा, पैसे जाऊ देत. पण आता गप्प बसले, तर पुढे नोकरीतही मी अशीच गप्प बसणार ना?’

मी वकील नाही, पण वर लिहिलेले कलम मला एका वकील मित्राने समजावून सांगितले होते. मुलींनी पहिल्या दिवशी सामान लावताना हौसेने खोलीचे फोटो काढले होते. भिंती कशा होत्या ते त्यांत स्वच्छ दिसत होते. भाडे मोबाइलवरून दिलेले, त्यामुळे तारीखवार नोंद तयार. आठही जणींच्या सह्यांचे एक साधे, सभ्य भाषेतले पत्र मालकीणबाईंना रजिस्टर पोस्टाने गेले. अमुक तारखेपासून राहतो, अमुक रक्कम दिली, अमुक तक्रारी केल्या, करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार आपली होती, अनामत पंधरा दिवसांत परत करावी. बस्स. आठवड्याच्या आत फोन आला. ‘रंगाचे’ म्हणून माणशी चार हजार कापून नऊ हजार परत मिळाले. पुरता न्याय नव्हे. पण जो माणूस किल्ली फिरवत ‘ए’ म्हणून हाक मारायचा, तो शेवटच्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाला, हे भाचीने मला दोनदा सांगितले.

तेव्हा पालकांनी निदान एवढे करावे. एस. टी. एक दिवस उशिरा पकडावी. जागा भर पावसात किंवा पावसाळ्यानंतर बघता आली तर उत्तम. नाहीतर छताच्या कोपऱ्यांवरची पिवळी वर्तुळे बघावीत, नळ सोडून पाहावा, आतली कडी लावून पाहावी. करार नोंदवून मागावा. आता ते काम ऑनलाइन होते, त्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. अनामत रोख देऊ नये. आणि प्रकरण हाताबाहेर गेले, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मुलींना ही गोष्ट कुणी सांगतच नाही!

बोर्डिंगांचा वारसा

पण एकेकाने पत्र लिहून सुटेल एवढा हा प्रश्न लहान नाही. आणि गंमत अशी, की महाराष्ट्राने तो शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात नुसत्या शाळा काढल्या नाहीत. खेड्यातला मुलगा शहरात टिकायचा, तर आधी त्याची भाकरी आणि अंथरूण पाहिले पाहिजे, हे जाणून त्यांनी बोर्डिंगे काढली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि अशी कितीतरी. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. वारावर जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या मुलांच्या शहरात ही केवढी गोष्ट होती! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत आमच्या सातारा जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. १९५५ साली पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली, ती याच परंपरेत.

या माणसांना छपराचे मोल कळले होते. ‘आडनाव काय?’ या प्रश्नाला त्यांनी विटा-चुन्यात उत्तर दिले होते. पुढे कॉलेजे वाढली, क्लासेस वाढले, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या. वसतिगृहे मात्र त्या मानाने वाढली नाहीत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा तर कुठल्याच कॉलेजचा नसतो, म्हणजे त्याला होस्टेलच्या यादीत उभे राहायचीही सोय नाही. सरकारने २०१६-१७ पासून वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणली, हे चांगलेच झाले. पण पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी तिच्यात वर्षाला जे साठ हजार ठरले, त्यांत निवासाचा वाटा वीस हजारांचा होता. कर्वेनगरच्या त्या एका कॉटचे भाडे वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार होते. यावर वेगळे भाष्य नको.

संकट आले, की हे छप्पर किती पातळ आहे ते दिसते. २०२० च्या टाळेबंदीत मुले गावी अडकली, सामान खोल्यांत अडकले आणि भाड्याचे फोन सुरू झाले. विद्यार्थ्यांना बाहेर काढू नये, असा केंद्राचा आदेश मार्चअखेर निघाला. भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी, असे राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्ये सुचवले. कित्येक मालकांनी ते मनापासून पाळले, काहींनी आपणहून भाडे सोडले. काहींनी गाद्या आणि पुस्तके पोत्यांत भरून जिन्याखाली टाकली. कुणाच्या वाट्याला कोण यावे, हा निव्वळ नशिबाचा भाग. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे आणि मालकाने आत येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला म्हणून स्वीकारल्याखेरीज त्याला बळ नाही.

फार मोठ्या गोष्टी राहू देत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या, पाहून खात्री केलेल्या खोल्यांची एक यादी ठेवली आणि तक्रार ऐकायला एक प्राध्यापक नेमला, तरी बराच फरक पडेल. ज्या मालकाचे नाव यादीतून कटू शकते, तो ‘खाली रांग लागलीय’ असे सहज म्हणणार नाही. पेठांतल्या आणि उपनगरांतल्या ज्या मोठ्या घरांतून मुले परदेशी गेली आणि आजी-आजोबा एकटे उरले, त्यांनी एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्याला नोंदणी करून, पावती देऊन, आडनाव न विचारता ठेवले, तर दोघांचीही सोय होईल. अशी काही घरे मी पाहिली आहेत. तिथली मुले शिकून गेल्यावरही दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात. त्या घरांत आतली कडी शाबूत असते, आणि तरीही दार बहुधा उघडेच असते.